रेषा, आकार आणि हेतू : वांशिक मतदारसंघ-आखणीविषयीच्या अमेरिकन न्यायनिर्णयांची परिभाषा

अमेरिकेतील मतदारसंघांच्या वांशिक आखणीविषयी तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिलेले निर्णय राज्यशास्त्राच्या आणि विधिशास्त्राच्या अभ्यासकांनी पुष्कळ चर्चिले आहेत. कोणती जागा कोणत्या पक्षाकडे गेली, न्यायमूर्तींची विभागणी पाच विरुद्ध चार अशी झाली की सहा विरुद्ध तीन अशी, कोणत्या घटनादुरुस्तीचा आधार घेतला गेला, हा हिशेब तेथे तपशीलवार मांडलेला असतो. परंतु निकालपत्र हे प्रथमतः गद्य लेखन असते. आणि या विषयावरील निकालपत्रांत तर वादाचा सारा भार मोजक्या चार-पाच शब्दांवर पडलेला आहे. आकार, संदेश, प्रधान, गौण आणि सद्भाव हे ते शब्द होत. १९६० सालच्या गोमिलियन विरुद्ध लाइटफुट या निर्णयापासून २०२४ सालच्या अलेक्झांडर विरुद्ध एन. ए. ए. सी. पी., साउथ कॅरोलायना शाखा, या निर्णयापर्यंतच्या काळात न्यायालय विचारीत असलेला प्रश्नच पालटून गेला. रेषेने माणसांचे काय केले, असे प्रारंभी विचारले जात असे; रेषा ओढणाऱ्याच्या मनात काय होते, असे पुढे विचारले जाऊ लागले. हा पालट कोणत्याही एका निर्णयात उघडपणे जाहीर झालेला नाही. तो शब्दांच्या आडून झाला, आणि म्हणूनच त्याची भाषिक चिकित्सा अस्थानी ठरू नये.

संयुक्त संस्थानांत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिच्या आकड्यांनुसार प्रत्येक घटकराज्य आपल्या वाट्याला आलेल्या प्रतिनिधिगृहाच्या जागांसाठी मतदारसंघ नव्याने आखते. बहुतेक राज्यांत हे काम विधिमंडळाकडेच असते. सीमा आखणारा आणि त्या सीमांचा लाभार्थी यांच्यात फारसे अंतर राहत नाही. या व्यवहारातील लबाडीसाठी इंग्रजीत जो शब्द आहे तो १८१२ साली जन्मला. मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल एल्ब्रिज गेरी यांनी आखणीच्या ज्या विधेयकावर स्वाक्षरी केली, त्यातील एसेक्स परगण्याचा एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याला पंख, नखे आणि जबडा जोडून सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्याचे रूप दिले, आणि गेरी व सॅलमँडर यांचा संकर करून 'गेरीमँडर' हा शब्द छापला. राज्यपालांच्या आडनावातील आद्य व्यंजन 'ग' होते. शब्द रूढ होता होता त्याचा 'ज' झाला आणि आज सर्वत्र 'जेरीमँडर' असाच उच्चार चालतो. माणूस विस्मृतीत गेला की त्याच्या नावाचा उच्चार लेखनाच्या अंगाने जातो, याचे हे चांगले उदाहरण आहे. मराठीत या शब्दाला अद्याप स्थिर प्रतिशब्द नाही. 'मतदारसंघांची कुटिल आखणी' असे वर्णनच करावे लागते. तथापि येथे महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या शब्दाच्या जन्मापासूनच दोष आकारात पाहिला गेला. व्यंगचित्रकाराने प्राणी काढला, मतांची बेरीज-वजाबाकी मांडली नाही. न्यायालयाच्या भाषेवरून या चित्राची छाया पुढे दीर्घकाळ हटली नाही.

गोमिलियन खटल्याचा विषय काटेकोरपणे पाहता विधिमंडळाचा मतदारसंघ नव्हता, एका नगराची हद्द होती. परंतु नंतरचा प्रत्येक निर्णय तेथूनच आपली वंशावळ सांगतो. अलाबामा राज्यातील टस्कीगी हे नगर तेथील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेमुळे विख्यात आहे. १९५७ पर्यंत या नगराची हद्द चौरस होती. त्या वर्षी विधिमंडळाने कायदा करून तिला अठ्ठावीस बाजूंची आकृती बनविले. या नव्या आकृतीमुळे नगरातील सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सर्व हद्दीबाहेर गेले. गोरा मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही. चार्ल्स गोमिलियन हे त्या शिक्षणसंस्थेतील समाजशास्त्राचे अध्यापक, आणि लाइटफुट हे नगराध्यक्ष. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी. मतदारसंघांच्या वादात न्यायालयाने पडणे म्हणजे राजकारणाच्या काटेरी झाडीत शिरणे होय, असे १९४६ सालच्या कोलग्रोव्ह खटल्यात बजावणारे न्यायमूर्तीही तेच होते, हे ध्यानात घेतले म्हणजे १९६० च्या निकालपत्रातील सावध शब्दयोजनेचा उलगडा होतो.

या निकालपत्राची वाक्यरचना पाहण्यासारखी आहे. क्रियेचा कर्ता कायदा आहे. कर्म माणसे आहेत. आणि क्रिया आहे बाहेर काढणे, हिरावून घेणे. नगराच्या निवडणुकीतील जो मताधिकार या नागरिकांजवळ काल होता, तो आज नाही. विधिमंडळाच्या मनात काय असावे याविषयी फ्रँकफर्टर बोलत नाहीत असे नव्हे. कायद्याचा उद्देश वंशभेदाखेरीज दुसरा असू शकत नाही, असे ते स्पष्ट म्हणतात. परंतु हा निष्कर्ष ते परिणामातून काढतात, आणि तो जवळजवळ गणितातील सिद्धतेइतका पक्का आहे असे मानतात. उद्देशाचा स्वतंत्र शोध त्यांना घ्यावा लागत नाही, कारण अठ्ठावीस बाजू आणि चारशे माणसे यांचा मेळ दुसऱ्या कोणत्याही मार्गाने बसत नाही. निर्णयाचा आधारही यामुळेच मर्यादित राहिला : मताधिकार वंशावरून नाकारता येणार नाही असे सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती. न्यायमूर्ती व्हिटेकर यांनी मात्र हा प्रश्न चौदाव्या दुरुस्तीतील समान संरक्षणाचा आहे, असे वेगळ्या टिपणात नोंदविले. पुढील साऱ्या निर्णयांची इमारत व्हिटेकर यांनी दाखविलेल्या जागेवर उभी राहिली.

संस्कृत न्यायदर्शनाच्या अभ्यासकाला येथे एक परिचित संज्ञा आठवेल. पर्वतावर धूर दिसतो, त्यावरून तेथे अग्नी आहे असे अनुमान होते. या अनुमानात धुराला 'हेतु' म्हणतात. हेतु म्हणजे साध्याचे ज्ञान करून देणारे लिंग, खूण. मराठीने हाच शब्द ऱ्हस्वाचा दीर्घ करून 'हेतू' असा घेतला आणि त्याला मनातील उद्देशाचा अर्थ दिला. टस्कीगीच्या नकाशाचा आकार हा पहिल्या अर्थाने हेतु होता. दुसऱ्या अर्थाचा हेतू त्यावरून आपोआप सिद्ध होत असे. एका शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांपासून कसे दूर गेले, हे पाहणे म्हणजेच या न्यायनिर्णयांचा इतिहास पाहणे होय.

ते दूर जाणार याची पहिली चाहूल १९६४ सालीच लागली होती. न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या मतदारसंघांविरुद्धच्या राइट विरुद्ध रॉकफेलर या खटल्यात वादींचे म्हणणे असे की कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मतदार एका मतदारसंघात कोंडले गेले आहेत. परंतु त्या मतदारसंघाचे, म्हणजे हार्लेमचे, प्रतिनिधी अ‍ॅडम क्लेटन पॉवेल हे स्वतः कृष्णवर्णीय नेते होते; आणि ते आखणीच्या बचावासाठी न्यायालयात उतरले. एकच रेषा एकाला कुंपण वाटते आणि दुसऱ्याला तटबंदी. न्यायमूर्ती ब्लॅक यांच्या बहुमताने वादींचा पुरावा अपुरा ठरविला. न्यायमूर्ती डग्लस यांनी अल्पमताच्या निकालपत्रात वंशावर आधारलेल्या मतदारसंघाची कल्पनाच त्याज्य मानली. १९६५ चा मताधिकार कायदा, त्यातील दुसऱ्या कलमात १९८२ साली झालेली दुरुस्ती आणि १९८६ सालचा थॉर्नबर्ग विरुद्ध गिंगल्स हा निर्णय यांनी पुढे विरुद्ध दिशेचा प्रवाह वाहता केला. अल्पसंख्य समूह पुरेसा मोठा व भौगोलिक दृष्ट्या सलग असेल, तो एकजुटीने मत देत असेल, आणि बहुसंख्य गोरे मतदारही एकजुटीने मत देऊन त्याच्या उमेदवाराला बहुधा पाडत असतील, तर मतदारसंघाच्या आखणीने त्या समूहाचे मत निष्प्रभ झाले आहे काय, हे न्यायालयाने तपासावयाचे, असे गिंगल्समध्ये ठरले. येथे प्रश्न परिणामाचा होता. १९८२ च्या दुरुस्तीचा आशयच असा होता की मनातील हेतू शाबीत करण्याचे ओझे वादीवर असू नये.

या प्रवाहातूनच नॉर्थ कॅरोलायनाचा बारावा मतदारसंघ निर्माण झाला. १९९० च्या जनगणनेनंतर राज्याला बारा जागा मिळाल्या. राज्याने प्रथम केलेल्या आखणीत कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेला मतदारसंघ एकच होता. संघीय न्यायखात्याने हरकत घेतल्यावर दुसरा जोडला गेला. तो सुमारे १६० मैल लांब होता आणि त्याचा बराचसा भाग एका महामार्गाच्या पट्ट्याहून रुंद नव्हता. १९९२ च्या निवडणुकीत या दोन मतदारसंघांतून ईव्हा क्लेटन आणि मेल वॉट निवडून आले. १९०१ नंतर त्या राज्यातून काँग्रेसमध्ये गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी होत. डरॅम परगण्यातील पाच रहिवाशांनी या आखणीला आव्हान दिले. १९९३ साली शॉ विरुद्ध रीनो या निर्णयात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे आव्हान ग्राह्य धरले. निकालपत्र न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांचे.

गोमिलियनच्या निकालपत्रानंतर लगेच शॉचे निकालपत्र वाचावयास घेतले, तर व्याकरण बदललेले जाणवते. येथे कोणाचेही मत हिरावून घेतलेले नाही. वादींनी आपले मत दुर्बल झाल्याची तक्रार केली नव्हती. आपण गोरे आहोत असेही त्यांनी प्रतिपादिले नव्हते, आणि ही गोष्ट निकालपत्रातच नमूद आहे. बारापैकी दहा मतदारसंघांत गोऱ्यांचे बहुमत होते. मग इजा ती कोणती? ओकॉनर यांचे उत्तर असे की असा विचित्र आकार काही सांगतो. एका वंशाची माणसे एकाच प्रकारे विचार करतात, असे तो सांगतो. आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला, तू त्या समूहाचाच प्रतिनिधी आहेस, असा संदेश देतो. मतदारसंघांच्या आखणीत दिसण्यालाही महत्त्व आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. रिचर्ड पिल्डिस आणि रिचर्ड नीमी या अभ्यासकांनी त्याच वर्षी या प्रकारच्या इजेला 'अभिव्यक्तिरूप इजा' असे नाव दिले, आणि ते रूढ झाले.

आकार येथे हेतु राहिला नाही, उक्ती झाला. धुरावरून अग्नीचे अनुमान करणे वेगळे, आणि धूर हाच अपराध आहे असे म्हणणे वेगळे. उक्ती म्हटली की वक्ता कोण, श्रोता कोण आणि संकेत कोणता, हे प्रश्न टाळता येत नाहीत. विधिमंडळ वक्ता आहे असे मानले, तरी श्रोता कोण? महामार्गालगत राहणाऱ्या सामान्य मतदाराला आपल्या मतदारसंघाचा आकार क्वचितच ठाऊक असतो. तो आकार दिसतो तो वृत्तपत्राच्या पानावर आणि न्यायालयाच्या टेबलावर. व्यंजना होते ती नकाशा वाचणाऱ्याच्या मनात. आणि हा वाचक बहुतेक वेळा न्यायमूर्तीच असतो. न्यायमूर्ती व्हाइट यांनी अल्पमताच्या निकालपत्रात इजा झालेला माणूस दाखवा, असा जो आग्रह धरला, त्याला बहुमताने समाधानकारक उत्तर दिलेले दिसत नाही.

याच निकालपत्रात ओकॉनर यांनी वापरलेला 'अपार्टहाइट' हा शब्द तर विशेषच खटकतो. हा शब्द आफ्रिकान्स भाषेतील. शब्दशः अर्थ वेगळेपण. परंतु १९९३ साली त्याचा अर्थ कोशातून शोधावा लागत नव्हता. दक्षिण आफ्रिकेत बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मताधिकारच नाकारणारी राजवट त्या वेळी अखेरच्या घटका मोजीत होती. ज्या मतदारसंघात निम्म्याहून थोडे अधिक कृष्णवर्णीय आणि उरलेले बहुतांशी गोरे एकत्र मत देतात, त्याला हा शब्द लावणे म्हणजे रूपकाने वस्तूला गिळून टाकणे होय. निकालपत्रातील अलंकार हा केवळ शोभेचा नसतो. तो पुढील खटल्यांत दाखला म्हणून उद्धृत होतो. शॉमधील हा शब्द तसा झालाच.

आकार हीच इजा मानली की एक व्यावहारिक अडचण उद्भवते : वेडेपणाची सीमा कोठे आखावयाची? दोन वर्षांनी, १९९५ च्या मिलर विरुद्ध जॉन्सन या निर्णयात, न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी ही अडचण बाजूस सारली. जॉर्जियाचा अकरावा मतदारसंघ अटलांटाच्या परिसरातील कृष्णवर्णीय वस्त्यांना दूरच्या सव्हाना किनाऱ्याशी जोडणारा होता. तथापि त्याचा आकार नॉर्थ कॅरोलायनाच्या बाराव्याइतका विलक्षण नव्हता. केनेडी यांनी सांगितले की आकार हा आवश्यक घटक नव्हे. तो केवळ परिस्थितिजन्य पुरावा. खरी कसोटी ही की वंश हा आखणीतील प्रधान घटक होता काय, आणि सलगता, आटोपशीरपणा, स्थानिक हद्दींचा आदर इत्यादी पारंपरिक तत्त्वे त्यापुढे गौण ठरविली गेली काय. ही कसोटी लागू झाली की आखणी कठोर तपासणीस पात्र होते.

प्रधान आणि गौण हे शब्द व्याकरणाच्या विद्यार्थ्याला पहिल्या इयत्तांपासून परिचित आहेत. वाक्यात प्रधान वाक्य कोणते आणि गौण कोणते, हे उभयान्वयी अव्ययावरून, क्रियापदाच्या रूपावरून, स्थानावरून कळते. 'पाऊस आला म्हणून तो थांबला' यात कारण कोणते व कार्य कोणते, हे 'म्हणून' सांगतो. नकाशातील रेषेला असे अव्यय नसते. एक परगणा दुभागला गेला, एवढेच रेषा दाखविते. वंशामुळे दुभागला, लोकसंख्या समान करण्यासाठी दुभागला की विद्यमान प्रतिनिधीचे घर आत घेण्यासाठी, हे ती सांगत नाही. शिवाय प्राधान्याची भाषा असे गृहीत धरते की हे सारे घटक एकाच तराजूत तोलता येतात. २०१५ साली अलाबामाच्या खटल्यात न्यायमूर्ती ब्रायर यांना स्पष्ट करावे लागले की लोकसंख्येची समानता हा तोलावयाचा घटकच नव्हे, ती पार्श्वभूमी आहे. २०१७ साली व्हर्जिनियाच्या बेथ्यून-हिल खटल्यात केनेडी यांनाच सांगावे लागले की पारंपरिक तत्त्वांशी विरोध दिसलाच पाहिजे असे नाही. ज्या शब्दाला दर दोन-चार वर्षांनी असे भाष्य जोडावे लागते, त्याचा अर्थ निश्चित आहे असे म्हणणे कठीण आहे.

भारतीय वाचकाला या साऱ्या मनःशोधाचे नवल वाटणे शक्य आहे, आणि त्याचे कारण घटनात्मक आहे. पुणे कराराने १९३२ साली संयुक्त मतदारसंघात राखीव जागा हे सूत्र स्वीकारले. स्वतंत्र भारताच्या संविधानाने अनुच्छेद ३३० व ३३२ मध्ये अनुसूचित जाती व जमातींसाठी जागा उघडपणे राखून ठेवल्या. सीमांकन आयोगाचे आदेश न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवण्याची तरतूद अनुच्छेद ३२९ मध्ये आहे. १९६६ साली मेघराज कोठारी खटल्यात, उज्जैन मतदारसंघ राखीव केल्याविरुद्धची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने याच आधारे फेटाळली. आदेश उघडउघड मनमानी व घटनाविरोधी असेल तर न्यायालयाचे दार पूर्ण बंद नाही, एवढी सवलत २०२४ साली देण्यात आली. अमेरिकेत राखीव जागा ही संज्ञाच नाही. त्यामुळे येथे जे काम अनुच्छेदाचे शब्द करतात ते तेथे रेषेला करावे लागते. आणि रेषा मुकी असल्याने तिच्या वतीने कोण काय बोलतो, यावर खटला उभा राहतो.

या मुकेपणाचा पेच सर्वांत तीव्रतेने प्रकट झाला तो पुन्हा नॉर्थ कॅरोलायनाच्या बाराव्या मतदारसंघात. १९९६ साली न्यायालयाने तो रद्द केला. १९९७ साली राज्याने त्याची नवी आखणी केली. आणि तीही न्यायालयात गेली. राज्याचा बचाव असा की आखणी वंशावर नव्हे, पक्षावर केली : डेमॉक्रॅटिक पक्षाला हमखास मत देणारे लोक एकत्र आणले, आणि ते कृष्णवर्णीय निघाले. २००१ च्या ईझ्ली विरुद्ध क्रोमार्टी या निर्णयात न्यायमूर्ती ब्रायर यांच्या पाच जणांच्या बहुमताने हा बचाव मान्य केला. शॉच्या लेखिका ओकॉनर या वेळी त्यांच्या बाजूस होत्या. त्या राज्यातील कृष्णवर्णीय मतदार शंभरात पंचाण्णवांहून अधिक वेळा डेमॉक्रॅटिक मत देतात. उलट त्या पक्षाकडे नोंद असलेले कितीतरी गोरे मतदार प्रत्यक्षात दुसऱ्या पक्षाला मत देतात. म्हणून हमखास मते शोधणारा आखणीकार कृष्णवर्णीय वस्त्यांकडेच वळणार.

खटल्यात एक लहानसा लेखी पुरावा होता. ग्रीन्सबरो येथील कृष्णवर्णीय समाज बाराव्यात घातला असून आता तेथून सुमारे ६०,००० लोक काढावे लागतील, अशा अर्थाचा निरोप नकाशा आखणाऱ्या कर्मचाऱ्याने एका विधिमंडळ सदस्याला पाठविला होता. कनिष्ठ न्यायालयाला यात वांशिक हेतू दिसला. ब्रायर यांना तो फारसा निर्णायक वाटला नाही. 'कृष्णवर्णीय समाज' हे पद त्या निरोपात समूहाचे वाचक आहे की मतांचे? अभिधेने ते माणसांचे नाव आहे. आखणीकाराच्या व्यवहारात ते लक्षणेने मतांची गठडी सुचवू शकते. दोन्ही अर्थ संभवतात, आणि संदर्भाने त्यांतील एकही वगळता येत नाही.

न्यायदर्शनात अशा खुणेला सव्यभिचार, म्हणजे अनैकान्तिक, हेत्वाभास म्हणतात : जी खूण साध्य असेल तेथेही आढळते आणि नसेल तेथेही आढळते, तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. वांशिक हेतू असो वा पक्षीय, नकाशा एकच निघणार. हा पेच सोडविण्यासाठी ब्रायर यांनी व्यतिरेकाचा मार्ग सुचविला. वादींनी असा पर्यायी नकाशा दाखवावा की ज्यात विधिमंडळाचे राजकीय उद्दिष्ट तितकेच साधते आणि वांशिक असमतोल मात्र कमी होतो. म्हणजे पक्ष हे खरे कारण नव्हते असे ठरेल. तर्क म्हणून हा मार्ग निर्दोष आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न एवढाच की हा मार्ग अनेकांपैकी एक, की तोच एकमेव?

२०१७ च्या कूपर विरुद्ध हॅरिस या निर्णयात हाच प्रश्न समोर आला. बारावा मतदारसंघ सर्वोच्च न्यायालयापुढे येण्याची ही पाचवी वेळ. मतदानाच्या वयाच्या लोकांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण नव्या आखणीत ४३.८ टक्क्यांवरून ५०.७ टक्क्यांवर गेले होते. राज्य म्हणाले, हा निव्वळ पक्षाचा खेळ. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी उत्तर दिले की पर्यायी नकाशा हे पुराव्याचे एक साधन आहे, खटल्याची पूर्वअट नव्हे. साक्षीदारांच्या तोंडून वांशिक लक्ष्याची कबुली बाहेर आली असेल आणि कनिष्ठ न्यायालयाने साक्षी ऐकून ती खरी मानली असेल, तर नकाशाची गरज नाही. आखणी-समितीच्या प्रमुखाने हे प्रमाण पन्नास टक्क्यांपलीकडे न्यावयाचे आहे असे आपणाशी बोलून दाखविले, अशी साक्ष प्रतिनिधी वॉट यांनी दिली होती. अनुमान अडले तेथे शब्दप्रमाण उपयोगी पडले. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी अल्पमताच्या निकालपत्रात याला विरोध केला. पर्यायी नकाशावाचून वादी हरलेच पाहिजेत, असा त्यांचा रोख होता.

केगन यांचे हे निकालपत्र आजवरच्या निर्णयांतील युक्तिवादाच्या दृष्टीने सर्वांत बांधेसूद म्हणता येईल. परंतु त्याचे बळ ज्या वस्तूवर होते ती वस्तू, म्हणजे आखणीकारांची अनवधानाने सुटलेली वाक्ये, या निर्णयापूर्वीच दुर्मीळ होऊ लागली होती. २०१६ साली कनिष्ठ न्यायालयाच्या आदेशाने नवा नकाशा करताना त्या राज्यातील एका सदस्याने समितीपुढे उघड सांगितले की दहा जागा रिपब्लिकन व तीन डेमॉक्रॅटिक अशी आखणी सुचवितो, कारण अकरा व दोन अशी आखणी शक्य दिसत नाही. सामान्यतः अशा विधानाला निर्लज्ज म्हटले जाईल. कायद्याच्या भाषेत ते चिलखत ठरले. २०१९ साली रूचो विरुद्ध कॉमन कॉज या खटल्यात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या बहुमताने, पक्षीय आखणीचा वाद संघीय न्यायालयांनी सोडविण्याजोगा नाही, असे ठरविले. यानंतर 'पक्ष' हा शब्द उच्चारणाऱ्याला धोका उरला नाही. 'वंश' हा शब्द उच्चारणाऱ्यालाच तो उरला. शब्दांच्या बाजारात अशी उलथापालथ झाली की वस्तू तीच राहून नाव बदलते.

२०२३ साली अलाबामाच्या अ‍ॅलन विरुद्ध मिलिगन खटल्यात न्यायालयाने दुसऱ्या कलमाची परिणामावर आधारलेली कसोटी कायम ठेवली. राज्यात कृष्णवर्णीय सुमारे सत्तावीस टक्के, सातपैकी एकाच मतदारसंघात त्यांचे बहुमत. संगणकाने वंशाकडे न पाहता काढलेल्या नकाशांशी तुलना व्हावी, हे राज्याचे म्हणणे रॉबर्ट्स यांनी नाकारले. त्या निकालपत्रात गोमिलियनच्या व्याकरणाचा काही अंश पुन्हा ऐकू येतो. परंतु तो कायद्याच्या दाव्याचा प्रवाह. घटनेवर आधारलेल्या दाव्याचा प्रवाह पुढील वर्षी दुसरीकडेच वळला.

साउथ कॅरोलायनाच्या पहिल्या मतदारसंघात २०१८ साली डेमॉक्रॅटिक उमेदवार निवडून आला होता आणि २०२० साली तो थोडक्यात हरला होता. २०२० च्या जनगणनेनंतरच्या आखणीत चार्ल्सटन परगण्यातील ३०,००० हून अधिक कृष्णवर्णीय रहिवासी तेथून सहाव्या मतदारसंघात हलविले गेले. तीन न्यायाधीशांच्या कनिष्ठ न्यायालयाने साक्षीपुरावा ऐकून असा निष्कर्ष काढला की पहिल्या मतदारसंघातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे सतरा टक्के ठेवण्याचे लक्ष्य आखणीमागे होते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा निष्कर्ष उलटविला. निकालपत्र अलिटो यांचे. अल्पमताचे निकालपत्र केगन यांचे. सात वर्षांपूर्वीची आसने बदलली होती, शब्द तेच होते.

अलिटो यांच्या निकालपत्रातील कळीचा शब्द म्हणजे सद्भाव. विधिमंडळाने सद्भावाने काम केले असे गृहीत धरून आरंभ करावयाचा. नकाशा वंश आणि पक्ष या दोन्ही कारणांशी जुळत असेल तर वादी असफल. आणि पर्यायी नकाशा सादर केला नाही तर त्यावरून वादींच्या विरुद्ध अनुमान काढावयाचे. तज्ज्ञांनी संगणकावर काढलेले हजारो नकाशे पक्षीय उद्दिष्ट विचारात घेत नाहीत, म्हणून निरुपयोगी ठरले. वंश आणि पक्ष यांची गाठ सोडविणे कठीण आहे, हे बहुमताचे म्हणणे खोटे नाही. दोष आहे तो पुढच्या पायरीत. अनैकान्तिक हेतूवरून साध्य सिद्ध होत नाही, तसेच त्याचा अभावही सिद्ध होत नाही. येथे मात्र 'सिद्ध झाले नाही' या वाक्याच्या जागी 'नव्हते' हे वाक्य आले. आणि ज्यांनी साक्षीदारांना समोर पाहिले होते त्या न्यायाधीशांचा निष्कर्ष, ज्यांनी केवळ कागद पाहिले त्यांनी पुसून टाकला. केगन यांचा रोष मुख्यतः याच गोष्टीवर आहे, आणि तो रास्त आहे. कनिष्ठ न्यायालयाच्या वस्तुस्थितिविषयक निष्कर्षात उघड चूक असल्याशिवाय वरिष्ठ न्यायालयाने हात घालू नये, हा नियम दोन्ही निकालपत्रे मानतात. 'उघड' या विशेषणाचा अर्थ मात्र दोहोंत एक नाही. न्यायमूर्ती थॉमस यांनी वेगळ्या निकालपत्रात आणखी पुढे जाऊन असे दावे न्यायालयांनी ऐकूच नयेत असे सुचविले, म्हणजे १९४६ च्या काटेरी झाडीपाशी परतण्याचा सल्ला दिला.

टस्कीगीच्या वादींना नगराचा जुना चौरस दाखविणे पुरेसे होते. चार्ल्सटनच्या वादींना न्यायालयात काय आणावे लागले असते, हे बहुमताच्या निकालपत्रावरून काढता येते : ज्यात रिपब्लिकन पक्षाचा विजय तितकाच निर्धास्त राहतो, आणि कृष्णवर्णीय मतदार मात्र कमी हलविले जातात, असा पहिल्या मतदारसंघाचा नकाशा. तो नकाशा त्यांनी स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या तज्ज्ञांकडून, प्रतिपक्षाच्या लाभाचे अचूक गणित सांभाळून तयार करून घ्यावयाचा होता.